खरं बोलणारं घड्याळ

"बाजूला व्हा, बिचकेल!"

कुणी मोटारीजवळ गेलं की काका असं ओरडत, आणि घोड्याची मान थोपटावी तसं तिचं बॉनेट थोपटत. त्यांचे आजोबा होळकरांच्या पागेत होते. पागा गेली, संस्थान गेलं, नातू नव्या मध्यप्रदेशाच्या कचेरीत फायली हलवू लागला, पण मांड सुटली नव्हती. महूच्या एका फौजी साहेबाकडून घेतलेल्या त्या जुन्या मोटारीत काका रिकिबीत पाय टाकल्यासारखे चढायचे.

राजेंद्र नगरात मी त्यांच्या समोरच्या घरात नवी नवरी म्हणून आले होते. मी बी.एस्सी. होते. पहिल्या चहातच मी हे समोरच्याला सांगून टाकत असे. न सांगता कुणाचा चहा संपलाच, तर दुसरा पाजून सांगत असे.

काकांच्या मोटारीत एक विजेचं घड्याळ होतं. ते मोटारीच्या बॅटरीवर चालायचं आणि अर्धा तास पुढे असायचं. मुद्दाम. कारण काकू. काकूंना घरातून बाहेर काढणं म्हणजे किल्ला सर करणं. गॅलरीची कडी, दुधावरचं झाकण, कुलूप, मग कुलूप लागलं का ते बघायला परत. लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं संपली तरी ह्या घरी कुलूप ओढून बघत होत्या. म्हणून काका स्टेअरिंगवर बसून मोटारीतलं घड्याळ बघून वेळ पुकारायचे. काकूंनी ते कधी बरोबर करू नये म्हणून काटे फिरवायची कळसुद्धा त्यांनी उपटून ठेवली होती, आणि मग हरवली होती.

आणि नेमकी बॅटरी गेली; घड्याळापुरता जीव उरला होता, मोटार सुरू होईना. तीही लेकीच्या डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी. लेक खंडव्याला. सकाळची आगगाडी चुकली तर कार्यक्रम चुकणार. तिनं बापाला बजावून ठेवलं होतं, "बाबा, या वेळी तरी आईला वेळेवर आणा. नाही तर बोलणारच नाही मी तुमच्याशी."

नवी बॅटरी आणून काका आमच्या ओट्यावर येऊन बसले. "जुनी काढली की घड्याळ बंद. बंद पडलं की मागे. कळ तर नाही. आता काय करायचं, बी.एस्सी.?"

तुम्हीच सांगा, अशी हाक आल्यावर मी घरात बसले असते का? मी पदर खोचला. "सोप्पं आहे, काका. नवी बॅटरी शेजारी ठेवायची. तिच्या दोन तारा मोटारीच्या तारांना जोडायच्या. मग जुनी काढायची. वीज चालू, घड्याळ चालू."

"शाब्बास! और?"

"सुटलेलं टोक पत्र्याला लागू द्यायचं नाही. त्याला कापड गुंडाळायचं."

काका आत गेले ते आजोबांचा फेटा घेऊनच आले. फक्त दसऱ्याला निघणारा, लालबुंद, जरीचा. "हिला मळकं फडकं नाही चालणार. खानदानी आहे."

आता फेट्याची जर म्हणजे चांदीची तार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बी.एस्सी.ला नव्हतं. मी ऐटीत म्हटलं, "कापड म्हणजे कापड. त्यातून वीज जात नाही."

काकांनी जुनी बॅटरी उचलली. फेट्यात गुंडाळलेलं टोक मी धरलं होतं. पदर सावरायला हात जरा खाली गेला आणि फेटा पत्र्याला टेकला. चर्रर्र! जरीतून ठिणग्या उडाल्या. मी किंचाळून सगळं सोडलं, तारा निसटल्या, काका बॅटरीसकट मागच्या तुळशीवर बसले. ज्या फेट्यानं तोफा बघितल्या त्याला माझ्या विज्ञानानं भोक पाडलं.

"बिचकली," काका हळूच म्हणाले.

मग फेटा विझवणं, तो काकूंपासून लपवणं, तुळस उभी करणं, माझं रडणं, त्यांचं मला चहा पाजणं. बॅटरी बसवून होईतो चांगला अर्धा तास गेला. वीज मिळताच घड्याळ आपोआप पुढे चालू लागलं. मी माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. दोन्ही अगदी एक.

काकांचा चेहरा पडला. "हे तर खरं बोलू लागलं. खरं बोलणारं घड्याळ काय कामाचं, बेटा?"

सकाळी काका मोटारीत बसून ओरडून राहिले होते, "अगं, वेळ झाली! घड्याळ बघ!" त्यांनी मला डोळ्यांनीच आत पिटाळलं. आत काकू बशीत चहा ओतून निवांत.

"काकू, चला ना! देर होऊन राहिली!"

"बस गं. अर्धा तास आहे अजून. ह्यांचं घड्याळ पुढे असतं."

मी उभीच राहिले. "तुम्हाला माहीत आहे?"

"कधीचं! दर वेळी देवळात आरतीच्या आधी अर्धा तास डास मारत बसायचं, मग बाईमाणसाला कळणार नाही? मी अर्धा तास वजा करून निघते. ह्यांना नको सांगूस. कचेरीत दिवसभर जी साहेब, जी साहेब करून येतात. घरी एक तरी लढाई जिंकू दे."

"काकू, पण ते घड्याळ आज खरं आहे!"

बशी खाली, काकू दारात. केसांची वेणी अर्धी, एका पायात माझी चप्पल. कुलूप मी लावलं. मोटार वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा काकूंचा पदर दारात अडकून बाहेर फडफडत होता.

आगगाडी मिळाली. परत आल्यावर काका छाती फुगवून म्हणाले, "बघितलंस? घड्याळ खरं असलं तरी माझ्या आवाजात दम आहे!" मी मान डोलावली. काकूंनी तर त्यांना शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही.

काका गेले, त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी मी काकूंना खजराण्याच्या गणपतीला न्यायचं ठरवलं. काकूंच्या हिशेबानं उशिरानंच निघावं म्हणून मी आरामात तयार होऊन बाहेर आले, तर ह्या फाटकापाशी उभ्या. वेणी पूर्ण, चपला दोन्ही स्वतःच्या, दाराला कुलूप.

"काकू, इतक्या लवकर? वेळ आहे अजून."

"असू दे," त्या म्हणाल्या. "उशीर करायला बाहेर कुणीतरी ओरडत असावं लागतं."

आणि मागं वळून कुलूप न बघता त्या रिक्षात बसल्या.