चौथ्या नंबरचं पातं

या फोरमवरचे भुताखेतांचे अनुभव मी दोन वर्षं वाचतोय. बहुतेक वेळा मनातल्या मनात हसून पान बंद केलंय. माझी सगळी नोकरी कारखान्यांच्या टूलरूममध्ये, हत्यारं आणि साचे बनवण्यात गेली – आधी पिंपरीत, नंतर इथे न्यू जर्सीत. जे मायक्रोमीटरवर दिसत नाही ते नाहीच, असं मानून जगलो. आता पंच्याहत्तरीला आलोय, आणि खरं सांगायचं तर थकलोय. हे लिहितोय ते कुणाला घाबरवायला नाही. एका माणसाबद्दल लोक चुकीचं बोलले आणि ते खोडून काढणं फक्त माझ्या हातात होतं. मी ते केलं नाही. त्यात एक गोष्ट अशी घडली की तिचा मला अजून अर्थ लागलेला नाही, म्हणून इथे लिहितोय.

आम्ही वेस्ट विंडसरला राहतो. शेजारी वॉल्ट आणि त्याची बायको कॅरल. वॉल्ट शाळेत लाकूडकाम शिकवायचा, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. वर्षातून एक हरीण मारायचं, तेही लाकडी धनुष्याने, आणि हिवाळाभर तेच मांस खायचं, असा त्याचा नेम. आजकालच्या धनुष्यांसारखी त्याला ना चाकं ना दुर्बीण. देवदाराचे बाण स्वतः रंधून बनवायचा. मी शाकाहारी माणूस, मला शिकारीत रस नव्हता. पण बाणाच्या टोकाला लावायची पोलादी पाती, ज्यांना तो ब्रॉडहेड म्हणायचा, त्याने एकदा धार लावायला आणून दिली आणि माझा त्यात जीव अडकला.

२००५ ची गोष्ट. वॉल्टला नवीन पाती घ्यायची होती. तीन धारांचं घ्यावं की दोन, यावर आम्ही आठवडाभर वाद घातला. त्याचं धनुष्य आता हलकं होतं, वयाप्रमाणे त्याने जोर कमी केला होता. मी म्हटलं, कमी जोराला दोन धारांचं अरुंद पातंच बरं, ते खोल जाईल. त्याला पटलं. सहा पाती मागवली. मी प्रत्येकावर आकड्यांचे पंच ठोकून नंबर उठवला, एक ते सहा. टूलरूमची सवय.

त्याने दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. धारेचा कोन पंचवीस अंश ठेव, आणि अगदी टोक जरासं बोथट असू दे, नाहीतर हाडावर आपटून वळेल. मी हो म्हटलं. पण धारेच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही, हा माझा तोरा होता. कानस झाली, ऑइलस्टोन झाला, जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर घासून झालं. पंचवीस अंशांवर चांगली धार आली होती, पण मला ती आणखी बारीक हवी होती. पहिली तीन सांगितल्याप्रमाणे केली. चौथं पंधरा अंशांवर नेलं आणि टोक सुईसारखं काढलं. त्याची परीक्षा म्हणजे रबरबँड ताणून त्यावर पातं नुसतं टेकवायचं. बाकीच्यांना किंचित ओढावं लागत होतं. चौथं टेकवण्याआधीच रबर तुटल्यासारखं वाटलं. मग पाचवं-सहावं पुन्हा पंचवीस अंशांवर केलं... आणि चौथ्याबद्दल वॉल्टला काही बोललो नाही. म्हटलं, वापरेल तेव्हा कळेल.

त्याच दिवशी खंडेनवमी होती. शैला, माझी बायको, दरवर्षी गॅरेजमध्ये माझ्या हत्यारांची पूजा करते. एडिसनहून आणलेली झेंडूची फुलं, हळद-कुंकू. पात्यांचा पत्र्याचा डबा बघून म्हणाली, “अहो, हरणं मारायच्या वस्तू माझ्या पूजेत कशाला?” पण वॉल्ट दारातच उभा होता, टोपी काढून. मग तिने त्याच्याही सहा पात्यांना कुंकू लावलं. तो खूश. म्हणाला, “मॅडी, आता चुकलो तर तुझ्या देवाची चूक.” मधुकरचं त्याने मॅडी केलं होतं.

चार दिवसांनी त्याने एका हरिणीवर बाण सोडला. पंधरा पावलांवरून. बाण खांद्याच्या हाडाला लागला, वीतभरही आत गेला नाही, काडी मोडली आणि हरीण पातं घेऊन पळालं. वॉल्ट आणि त्याच्या तिरंदाजी क्लबचे लोक दोन दिवस रक्ताचे ठिपके शोधत फिरले. हरीण सापडलं नाही. जखमी जनावर हातून सुटणं म्हणजे त्या लोकांत फार मोठा डाग. क्लबवाले गोड शब्दांत म्हणाले, म्हातारा झालास, धनुष्य पूर्ण ओढलंच गेलं नसेल. वॉल्टनेही ते मानलं. उरलेली पाच पाती माझ्याकडे आणून दिली. “तूच ठेव, मला आता लागणार नाहीत.” मी डब्यात बघितलं. चौथं नव्हतं.

स्वतःला समजावलं की पुरावा काय? हाडावर कुठलंही पातं अडू शकतं.

पुढच्या खंडेनवमीला, सकाळी दहाच्या सुमारास, शैला गॅरेजमधून हाक मारून म्हणाली, “सहा आहेत ना? कुंकू कमी पडतंय.” मी म्हटलं पाच. ती म्हणाली, “मोजा की.”

सहा होती. चौथं पातं, माझ्या पंचचा इंग्रजी 4, ज्याची उभी रेघ माझ्या पंचमुळे नेहमी तुटक येते. टोक नखासारखं मागे वळलेलं, एका बाजूची धार गुंडाळली गेलेली. काडी बसते त्या खोबणीत मोडलेली देवदाराची ढलपी. पात्याचा वासही देवदाराचा येत होता.

डबा वर्षभर वरच्या फळीवर होता. गॅरेजला कुलूप. मी जादा पातं मागवलं नव्हतं. शैलाला वाटलं मीच ठेवलंय. एवढ्यात वॉल्ट आला, दरवर्षीसारखा, पूजेच्या पेढ्यासाठी. मी चौथं पातं शर्टाच्या खिशात टाकलं. त्याला पाच दिसली.

मग म्हणाला, “मला अजून वाटतं, मी पूर्ण ओढलं होतं. अंगठा गालाला लागल्याचं आठवतं. पण म्हातारपणी माणूस आठवणीसुद्धा आपल्या सोयीच्या करतो, नाही का?”

खिशातलं टोक छातीला टोचत होतं. मी म्हटलं, “होतं असं, वॉल्ट.”

एवढंच बोललो. ‘होतं असं.’

तो गेल्यावर पातं परत डब्यात ठेवलं. पुढच्या दसऱ्यालाही ते तिथेच होतं. वॉल्टने धनुष्य पुन्हा हातात घेतलं नाही. २००८ च्या मार्चमध्ये हृदयविकाराने गेला. फ्युनरलला क्लबचा एक माणूस कॅरलला म्हणाला की शेवटी शेवटी त्याच्यात जोर राहिला नव्हता, पण मान्य करायची हिंमत होती. तिने मान हलवली. मी उठून घरी आलो, डबा काढला. म्हटलं, आता तरी कॅरलला दाखवू.

आत पाच होती. चौथ्याच्या जागी डब्यातल्या कापडावर गंजाचा डाग आणि त्यावर थोडं कुंकू. शैलाने हात लावला नव्हता. मी फळ्या, ड्रॉवर, कचरा, सगळं उपसलं.

तसाच रिकाम्या हाताने कॅरलकडे गेलो आणि सगळं सांगितलं. कोन, टोक, खिसा. शेवटी तिने विचारलं, “त्या दिवशी तो तुझ्यासमोर बसला होता तेव्हा का नाही सांगितलंस?” क्लबच्या लोकांनाही फोन केले. ते ऐकून घेतात, दुःखात म्हातारा बडबडतोय असं समजतात. दाखवायला माझ्याकडे काही नाही.

ते पातं कसं आलं आणि कुठे गेलं, मला माहीत नाही. कुणाला सुचलं तर लिहा, पण मी आता फार शोधत नाही. मला फक्त एक गोष्ट कुठेतरी लिहून ठेवायची होती, माझ्या नावानिशी, मला ओळखणाऱ्या लोकांनी वाचावी म्हणून.

वॉल्टने धनुष्य पूर्ण ओढलं होतं.