सुताच्या हारांचा तो फोटो

मित्रहो, आपल्या शांती-शिक्षण मंडळाच्या ग्रुपवर दुपारपासून दोन भावांचा जो फोटो फिरतोय, तो मीच काढलाय. त्याखाली हात जोडण्याआधी हे वाचा.

देवळीजवळच्या गावातले हे सख्खे भाऊ. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, थोरल्यानं धाकट्यावर कुऱ्हाड उगारली होती. मंडळ चालवणाऱ्या आपल्या ताईंनी दोघांना समजावलं. मनात राग ठेवून समेट होत नाही, असं सांगून धाकट्याला पोलिसातली तक्रारही मागं घ्यायला लावली. आज सकाळी त्यानं ती मागं घेतली.

मग आपल्या रिवाजाप्रमाणे शाळेत दोघांनी एकमेकांना सुताचे हार घातले. टाळ्या वाजल्या. हार घालताना थोरला हसतच धाकट्याच्या कानाशी लागला. मी मोबाईल धरून अगदी जवळ होतो, आणि गिऱ्हाइकांची कुजबुज ऐकतच मी दुकान उभं केलंय.

"आता तुयी तक्रारबी नाई. उद्या धुऱ्यावर येजो, मंग पायतो तुले."

ताईंना बाजूला घेऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला वाईटच ऐकू येतं. फोटोत बघा, किती छान हसतोय तो!"

निघताना धाकट्याची बायको गाडीशी आली. "भाऊ, तुमी लोकायनं सांगतलं म्हणून तक्रार मागं घेतली. आता उद्या आमच्या यायले वावरात जाऊ देऊ का नाई?"

"नको," एवढंच म्हणालो. पण कापूस फुटलाय. धाकटा किती दिवस घरात बसेल?

उद्या सकाळी तक्रार पुन्हा द्यायला मी त्याला ठाण्यात नेतोय. फोटोखाली हात जोडणाऱ्यांपैकी सोबत कोण येतंय?