फितुराचं काम

आमच्या गावात नाटकातलं काम माणसाला वर्षभर चिकटतं. ज्यानं राजा केला, त्याला पुढच्या हिवाळ्यापर्यंत दूधवालासुद्धा 'काय राजे' म्हणतो. म्हणून त्या साली मंडळानं लढाईच्या दिवसांत गावातच घडलेल्या गोष्टीवरचं नाटक घेतलं, तेव्हा ज्यूंना घरात लपवणारा शेतकरी व्हायला ढिगानं लोक पुढं आले. जर्मन शिपाईसुद्धा मिळाला. पण ज्यूंचा पत्ता देणारा फितूर व्हायला एक मेला तयार होईना.

शेवटी योनास उठला. सायकली दुरुस्त करणारा योनास, गावात उरलेला एकुलता एक ज्यू. आठ वर्षांचा असताना तो आणि त्याची आई रोझेट, आमच्या मंडळाचा अध्यक्ष एगबर्ट आहे ना, त्याच्या वडलांच्या शेतावरच्या घरात पलंगामागच्या फळ्यांआड लपले होते. एक दिवस आई पाणी प्यायला बाहेर आली आणि तेवढ्यात धाड पडली. ती गेली ती गेलीच. हा फळीमागं राहिला म्हणून वाचला. मग इथंच तेलानं हात काळे करत राहिला. लग्न नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मी प्रॉम्प्टर. मी त्याला जिन्यात गाठलं. "डोकं फिरलंय का रे तुझं? तू फितूर?"

"नाटक बारगळलं तर शेवटचा प्रवेश होणार नाही, ग्रीत."

शेवटच्या प्रवेशात शेतकरणीला एक वाक्य होतं: "तिचं नाव रोझेट कात्स." बस्स. तीस वर्षांत गावात ते नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. दगड नाही, पाटी नाही. तेवढ्या एका वाक्यासाठी हा बाबा रंगमंचावर आपल्याच आईला धरून द्यायला निघाला. संताप होणार नाही तर काय होईल?

वर हे नाटक लिहिणाऱ्या आमच्या शाळामास्तरांनी फितूर कुठला केला, तर परगावचा! ग्रोनिंगन शहरातून आलेला. योनासनं तालमीत ते मुकाट म्हटलं. दुकानावरून जाता-येता लोक विचारायचे, "काय फितूर, आज कुणाचा पत्ता?" तो हसायचा. मी एकाला भर रस्त्यात झापलं, तर म्हणे, "गंमत कळत नाही का तुला?"

नाटकाला हॉल खच्चून भरला, प्रत्येकाच्या हातात नंतरच्या बक्षीस-सोडतीची चिठ्ठी. दुसऱ्या अंकात शिपायानं दरडावून विचारलं, "कुठला रे तू?" योनासनं तोंड उघडायच्या आधीच पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "परगावचा!" सगळा हॉल हसला. टाळ्या पडल्या. कसं हलकं वाटलं मेल्यांना!

हसणं ओसरलं. मी रंगमंचासमोरच्या माझ्या प्रॉम्प्टरच्या खोक्यातून कुजबुजले, "मी परगावचा." पुन्हा कुजबुजले.

त्यानं वाकून माझ्याकडं पाहिलं. "नाही गं ग्रीत. परगावचा नव्हता तो. धाडीबरोबर वाट दाखवायला आला होता, फळीमागून मी ऐकलंय त्याला. आपल्याच बोलीत बोलत होता."

एगबर्टनं धावत येऊन स्वतः पडदा ओढला आणि बाहेर तोंड काढून म्हणाला, "जरा घोटाळा झाला, मंडळी. कॉफी घ्या. बक्षिसांची सोडत आत्ताच काढू."

योनास त्याच्या मागं लागला. "एगबर्ट, शेवटचा प्रवेश? एकच वाक्य आहे."

"तूच खाल्लास तो प्रवेश. माझ्या बापानं जिवावर उदार होऊन तुला पोसलं, त्याचे हे पांग फेडलेस?"

योनास वळला. फितुराचा कोट अंगात तसाच, पडदा सारून रंगमंचाच्या कडेला जाऊन उभा राहिला. खाली सोडतीचे आकडे पुकारले जात होते, कपबश्या वाजत होत्या. जमेल तेवढ्या मोठ्यानं तो म्हणाला, "तिचं नाव रोझेट कात्स."

मागच्या बाकावरच्या एका बाईनं हातातली चिठ्ठी उंच धरली. "नंबर कुठला म्हणाला?"