हिल्डवराचे हात

आमच्या गावात मधमाश्या पाळणारी हिल्डवरा म्हणजे माश्या परवडल्या, पण तिचं तोंड नको. मी तिची शेजारीण मिल्ड्रा. मी जवाची बिअर करते, आणि ती भर रस्त्यात माझ्या बिअरला डबक्याचं पाणी म्हणायची. वीस वर्षं आमचा उभा दावा.

त्या उन्हाळ्यात जमीनदार ओस्लाकनं तिच्यावर आळ घेतला, की त्याची माश्यांच्या पोळ्यानं भरलेली टोपली तिनं चोरली. आमच्याकडे अशा वेळी आरोपीनं शपथ घ्यायची आणि ती खरी म्हणायला बारा जणांनी उभं राहायचं. एक जरी कमी पडला, तर तापलेलं लोखंड हातात धरून नऊ पावलं चालायचं.

सभा भरते त्या ओकाच्या झाडाखाली अकराच जण आले. बारावा तिचा सख्खा दीर, पण तो कसतो ओस्लाकची जमीन. पोट दुखतंय म्हणून घरीच बसला. मेला भित्रा!

पंच कुजबुजू लागले. हिल्डवरा नुसती आपल्या तळहातांकडे बघत होती. तिला अशी गप्प मी जन्मात पाहिली नव्हती.

"थांबा! मी आहे बारावी!" मी गर्दीतून पुढे घुसले.

ओस्लाक हसला. "तू? अगं, परवाच तर हिच्या नावानं बोटं मोडत होतीस!"

"उद्याही मोडेन. फटकळ आहेच मेली. पण माझी डुकरीण हिच्या अंगणात व्यायली, तेव्हा हिनं आठ पिल्लं आणून दिली. आणि नववं मेलेलं, तेही टोपलीत घालून आणलं! वर म्हणते, 'घे बाई, नाहीतर मला चोर म्हणशील.' ही चोरेल होय तुमची टोपली?"

सभा खदाखदा हसली. संताच्या अस्थींच्या पेटीवर हात ठेवून मी ठणकावून सांगितलं, "हिल्डवराची शपथ खरी आहे." पंचांनी तिला निर्दोष ठरवलं. लोकांनी आरोळ्या ठोकल्या. ओस्लाक खाली मान घालून घोड्यावर चढला.

हिल्डवरानं माझं मनगट घट्ट धरलं. "इतका उशीर का केलास गं, भवाने?" म्हणाली आणि ढसाढसा रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी डुकरीण तिच्या वाटाण्यात शिरली. बाईनं दोन्ही धडधाकट हातांनी काठी उचलली आणि तिला रस्त्यापर्यंत पिटाळलं. मी कुंपणावरून मनसोक्त शिव्या घातल्या. काय बरं वाटलं म्हणून सांगू!