दोघींना एकच खाट

दहावी झाल्यावर मला डॉक्टर करायचं घरात ठरलं आणि वडलांनी, म्हणजे आप्पांनी, मला लातूरला क्लासला घातलं. आमचं गाव औशाच्या पुढं, आडरस्त्याला. घरी तूर-सोयाबीनची शेती. रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून क्लासजवळच्या एका खासगी वसतिगृहात माझी सोय केली.

प्रवेशाच्या दिवशी तिथल्या अंगणात ट्रंका, गाद्या, बादल्या आणि रडवेल्या पोरींची नुसती गर्दी होती. ऑफिसला दोन खिडक्या होत्या आणि दोन्हींमागं एकेक कॉम्प्युटर. वसतिगृहाच्या मॅडम आधी म्हणे मुलींना हाताला धरून खाटेपर्यंत नेऊन सोडायच्या. आता सगळं कॉम्प्युटरवर झालंय, हे त्या येणाऱ्या प्रत्येक पालकाला कौतुकानं सांगत होत्या. आम्हाला डावीकडच्या खिडकीतून पावती मिळाली. तिच्यावर माझं नाव, खोलीचा नंबर, खाटेचा नंबर. आप्पांनी ट्रंक खांद्यावर घेतली.

खोलीत गेलो तर त्या खाटेवर एक मुलगी गुंडाळलेली गादी कवटाळून बसली होती. शेजारी तिची आई उभी होती. देगलूरकडच्या एका आरोग्य केंद्रात त्या सिस्टर होत्या, हे नंतर कळलं. आप्पांना बघून त्यांनी "जय भीम" केला, आप्पांनी "रामराम" केला.

"बाई, ही खाट आमच्या पोरीची हाय," आप्पा म्हणाले.

"न्हाई ओ भाऊ, आमच्या पावतीवर हीच हाय."

दोन्ही पावत्या शेजारी शेजारी धरल्या. खोली तीच, खाट तीच. त्यांची पावती उजवीकडच्या खिडकीची होती.

चौघं ऑफिसात गेलो. मॅडमनी नंबर टाकला आणि पडद्याकडं बघत बसल्या. त्या खाटेपुढं त्या दुसऱ्या मुलीचं नाव होतं. माझं नाव तिथं नव्हतं आणि कुठंच नव्हतं.

"नाव न्हाई म्हंजे? पोरगी तर समोर हुबी हाय!" आप्पांचा आवाज चढला.

"मी काय करू हो? सगळ्या खाटा भरल्यात. कॉम्प्युटर घेतच नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. परत गावाकडं जावं लागणार, या भीतीनं की आनंदानं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. तेवढ्यात ती मुलगी बोलली.

"मॅडम, खाट माझ्या नावावर लागलीय न्हवं? मग माझ्या खाटेवर ही राहू द्या. मी लई जागा घेत न्हाई."

तिच्या आईनं तिला दंडाला चिमटा काढला आणि मग स्वतःच हसल्या. आप्पांकडं बघून म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. दोघींचं जमलं न्हाई तर बघू."

जमलं. पहिले काही दिवस आम्ही पाठीला पाठ लावून झोपायचो आणि एकमेकींना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून घ्यायचो. मग तिच्या आईची जवसाची चटणी आणि माझ्या आईचे धपाटे एका डब्यात आले, तेव्हा अंग चोरणं संपलं. देगलूर तेलंगणाच्या सीमेवरचं, त्यामुळं गणित सोडवताना ती बोटांवर तेलुगूत मोजायची, ओकटी, रेंडू, मूडू. तिच्यामुळं मलाही ती सवय लागली. संध्याकाळी मॅडम छापील यादीवरून हजेरी घ्यायच्या. यादीत मी नव्हतेच. सगळी नावं संपली की मी हात वर करायची आणि मॅडम म्हणायच्या, "हो गं बाई, दिसतीयस मला." पोरी हसायच्या. मला आधी वाईट वाटायचं, पुढं पुढं मीही हसायला लागले.

दसऱ्याला घरी गेलेली एक मुलगी परत आलीच नाही. शेजारच्या खोलीत खाट रिकामी झाली. मॅडमनी मला बोलावलं, तर मैत्रीण माझ्या आधीच पुढं झाली. "मीच जाते तिकडं. इथं हिचं नाव लावा. हिला खिडकीजवळ बरं वाटतंय."

मॅडमनी तिला जुन्या खाटेवरून काढलं. नव्या खाटेवर टाकायला त्या नंबर टाकत होत्या आणि लाइट गेली. लातूरला त्यात नवल काहीच नव्हतं. लाइट आली, कॉम्प्युटर सुरू झाला आणि बघतो तर ती जुन्या खाटेवरही नाही आणि नव्या खाटेवरही नाही. दोन्ही खाटा रिकाम्या आणि आम्ही दोघी बेपत्ता. मॅडम खुर्चीतून उठल्या, खडू घेतला आणि दोन्ही खोल्यांच्या दारांवर मोठ्या अक्षरांत आमची नावं लिहून टाकली. "आता लाइट गेली तर जाऊ दे," म्हणाल्या.

डॉक्टर आम्ही दोघीही झालो नाही. तिला नांदेडला नर्सिंगला जागा मिळाली आणि मला नांदेडजवळच्याच विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. घरी दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. मला मात्र ती नांदेडातच असणार याचा आतून आनंद झाला होता. तो मी कुणाला दाखवला नाही.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला डेटाबेस शिकवायला एक सर होते. हळू बोलायचे, फळ्यावर सुबक लिहायचे. एकदा त्यांनी ट्रान्झॅक्शन शिकवायला घेतलं. दोघे जण एकाच वेळी एकच नोंद वाचतात. दोघांनाही ती मोकळी दिसते. दोघेही आपापलं नाव लिहून सेव्ह करतात. नंतर लिहिणाऱ्याचं टिकतं, आधीच्याचं पुसलं जातं आणि कुणालाच कळत नाही. मी मोठ्यानं हसले. सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"सर, ती पुसली गेलेली मीच हाय," माझ्या तोंडून निघून गेलं. मग सगळी हकीकत सांगावी लागली, दोन खिडक्यांची आणि गेलेल्या लाइटचीही. सरांनी फळा पुसला आणि दोन खाटा काढल्या.

"आधी जो खाटेला हात लावेल, त्याला ती कुलूप लावून मिळायला हवी," ते म्हणाले. "त्याचं काम होईपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं. आणि खाट बदलायची म्हणजे काढणं आणि टाकणं हे एकच काम. दोन्ही झालं तरच झालं. मध्ये लाइट गेली तर उलटं फिरायचं. मुलगी जुन्या खाटेवर होती तशी दिसली पाहिजे. अधांतरी कुणी राहता कामा नये."

पुढच्या रविवारी ती विष्णुपुरीला आली. आम्ही धरणाकडं तोंड करून, गोदावरीचं पाणी बघत भाजलेलं कणीस खात बसलो होतो. मी तिला सगळं समजावून सांगितलं.

"तेव्हा ते कॉम्प्युटर नीट असते, तर मला खिडकीवरच दुसरी खाट मिळाली असती, न्हाईतर सांगितलं असतं, जागा न्हाई," मी म्हणाले. "आपण भेटलोच नसतो."

"मला दुसरी कुणीतरी भेटली असती की. तुझ्याहून कमी घोरणारी." मग कणीस बाजूला ठेवून म्हणाली, "आमच्याकडं रक्ताच्या एका पिशवीवर दोन पेशंटची नावं लागली तर काय व्हायलंय, माहितीय का तुला? तिथं खडू न्हाई चालत."

मी कणीस खायची थांबले. परीक्षेपुरतं पाठ केलेलं तिनं एका वाक्यात पेशंटच्या उशाशी नेऊन ठेवलं होतं.

पुढं मी दवाखान्यांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत लागले ती त्यामुळंच, असं म्हणणं जास्तीचं होईल. पहिली मिळाली ती नोकरी ही, एवढंच. पण कामाला बसले की मी दोन लॅपटॉप शेजारी ठेवून एकाच नोंदीसाठी एकाच वेळी दोन्हीकडं बटण दाबून बघते. सोबतची मुलं म्हणतात, हे यंत्र आपोआप तपासतं, तुम्ही कशाला? मी दाबतेच.

ती लग्न होऊन हैदराबादला गेली. तिथल्या मोठ्या दवाखान्यात आता सीनियर सिस्टर आहे. आधी रोज फोन व्हायचे, मग आठवड्याला, मग सणाला. मी लातूरलाच घर केलं आणि आप्पांना गावाकडून इकडं आणलं.

गेल्या उन्हाळ्यात ती लेकीला घेऊन आली. लेक आईशी तेलुगूत बोलत होती आणि माझ्याशी लाजत मराठीत. आप्पांना आता माणसं पटकन ओळखू येत नाहीत. तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सिस्टरबाईची पोरगी न्हवं का तू?"

"हाव आप्पा."

"आई कशी हाय?"

तिची आई जाऊन वर्ष होत आलं होतं. ती आप्पांजवळ खाली बसली आणि हळू आवाजात सांगितलं. आप्पांनी नुसती मान हलवली.  जेवून ती निघाली तेव्हा मला म्हणाले, "शेतातली तूरडाळ दे हिला. तिकडं अशी मिळायची न्हाई."

स्टँडवर गाडीला वेळ होता. आम्ही पिशवीचा एकेक कान धरून उभ्या होतो आणि तिची लेक डाळीच्या पिशवीवरून हात फिरवत काहीतरी गुणगुणत होती.