स्टुअर्डकाका घरी रुजू होतात

चौतीस वर्षं स्टुअर्डकाकांनी जहाजावर कप्तानाचं जेवणखाण सांभाळलं. वर्षातून दोन महिने घरी यायचे, तेही पाहुण्यासारखे. निवृत्त झाल्यावर आठ दिवस त्यांनी कसेबसे हातावर हात ठेवून काढले. नवव्या दिवशी स्वयंपाकघरात शिरले आणि तिथे रुजूच झाले.

माणूस गुणी, यात वाद नाही. पण गुणांनासुद्धा कुठे थांबावं हे कळायला हवं ना! कप आकड्यांना टांगले गेले. डबे घसरून पडू नयेत म्हणून फळ्यांच्या कडेला पट्ट्या ठोकल्या गेल्या. काकू एकदाच म्हणाल्या, "अहो, घर हलतंय का आपलं?"

रविवारी लेक जेवायला आली. काकांनी टेबलावर कापड अंथरलं आणि सवयीने त्यावर पाणी शिंपडलं. वादळात ओल्या कापडावरून ताटं घसरत नाहीत म्हणे! बाहेर लख्ख ऊन. लेक हसून हसून बेजार. शाळेत इंग्रजी शिकवते ती. म्हणाली, "बाबा, स्टुअर्डचा मूळ अर्थ माहितीये? घर राखणारा. घर दुसऱ्याचं, राखण याची."

"ऐकलंस?" काका काकूंना म्हणाले. छाती चांगलीच फुगली होती.

काकू मीठ आणायला उठल्या होत्या. एक डबा उघडला, दुसरा उघडला, तिसरा उघडला. मग ओट्याला टेकून तशाच उभ्या राहिल्या.

"इथे मी डोळे मिटून हात घालायचे," त्या म्हणाल्या. "आता माझ्याच घरात मला विचारावं लागतं."

काकांनी हातातला घास परत ताटात ठेवला. कप्तानाची खुर्ची त्यांनी कधी तसूभर हलवली नव्हती. आणि जिने चौतीस वर्षं एकटीने हे घर राखलं, तिला न विचारता सगळं उलटंपालटं करून ठेवलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

लेक गेल्यावर त्यांनी पट्ट्या उपटल्या. एकेक डबा हातात धरून विचारू लागले, "हा कुठे?" काकू बोटाने दाखवत होत्या, आधी फुरंगटून, मग नुसत्याच. शेवटचा डबा जागेवर गेला आणि काका रिकाम्या हातांनी उभे राहिले.

"आणि मी कुठे?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पायाने स्टूल पुढे सरकवलं.

"इथे, माझ्यासमोर. घ्या, मटार सोला. आणि टरफलं कुठे टाकायची, ते आधी विचारा."