‘होय म्हाराजा’च्या गावातली आत्या

शुक्रवार होता. म्हापशाच्या बाजारात मी सुक्या सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, भाव करत उभी होते, तेवढ्यात बाबांचा फोन आला. बाबा आपण होऊन कधी फोन करत नाहीत. आईला लावायला सांगतात आणि मागून बोलतात. म्हणून त्यांचं नाव बघताच मी गर्दीतून बाजूला झाले. ‘सुमन गेली,’ ते म्हणाले. सुमन म्हणजे माझी आत्या, बाबांच्या पाठची बहीण. जेवून ओसरीवर पेपर वाचत बसली होती, ती तशीच गेली. मला लगेच रडू आलं नाही. आधी मनात आलं ते हे, की बाबांच्या तोंडून आत्याचं नाव मी कित्येक वर्षांनी ऐकते आहे.

आमचं गाव पेडणे तालुक्यात, इब्रामपूरच्या वाटेवर. वर डोंगर, डोंगरातून येणारी झर, झरीखाली तिच्या पाण्यावर जगणाऱ्या पोफळीच्या बागा, म्हणजे कुळागरं. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे आहे. म्हणजे गावाचं सगळं मागणं एकाने देवासमोर उभं राहून मोठ्याने मांडायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. बाबांसारखं गाऱ्हाणं पंचक्रोशीत कुणी घालत नाही, हे मी लेक म्हणून सांगत नाही. त्यांचा आवाज चढला की देवालाही मान डोलवावी लागत असेल. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली, हायस्कूलच्या ऑफिसात लागली आणि आमच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत आयुष्यभर राहिली. देवळात ती खांबाला टेकून उभी असायची. ‘होय म्हाराजा’ म्हणताना तिचे ओठ हलायचे की नाही, हे मला कधी नीट कळलं नाही.

निवृत्त झाल्यावर तिने पेडण्याच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी चर्चा सुरू केली. फुकट, कुणीही यावं. विषय एकच, संविधानाने आपल्याला काय दिलंय आणि ते घ्यायचं कसं. आम्ही घरात खूप हसलो. आई म्हणाली, ‘फुकट म्हटल्यावर चाय आसा काय, म्हणान इचारतले लोक.’ चहा नव्हता. पहिल्या शनिवारी आले ते नारायणदादा, निवृत्त बस कंडक्टर, आणि तेही वाचनालयाच्या पंख्याखाली बसायला. नंतर दोनतीन शिक्षक, भाजी विकून परतणाऱ्या बायका, नोकरीच्या जाहिराती बघायला येणारी पोरं असे लोक जमत गेले. अडचण वेगळीच निघाली. आत्या जे सांगेल त्याला सगळे माना डोलवायचे. भाषणस्वातंत्र्याला होय, समानतेला होय, माहितीच्या अधिकाराला होय. घरी येऊन ती कपाळाला हात लावून म्हणाली, ‘गो, ही माका देव समजतत.’

दुसरा कुणी असता तर त्याला हे आवडलं असतं. आत्याने त्यावर जो उपाय काढला तो आठवला की मला अजून हसू येतं, आणि थक्कही व्हायला होतं. ती चर्चेत मधेच धडधडीत खोटं सांगू लागली. अगदी शांत, ऑफिसातल्या आवाजात. ‘ग्रामसभेत फक्त घरपट्टी भरणाऱ्यालाच बोलता येतं,’ असं म्हणायची आणि थांबायची. सगळे म्हणायचे, ‘होय, होय.’ मग ती काही न बोलता बसून राहायची. मिनिटं जायची. पंखा फिरत राहायचा. लोक चुळबुळायचे, एकमेकांकडे बघायचे, आणि शेवटी कुणीतरी चाचरत म्हणायचं, ‘पण मतदार यादीत नाव आसलां तर बोलूक गावता मां, ताई?’ तेव्हा आत्याचा चेहरा असा फुलायचा की विचारू नका. ‘देवळात होय म्हणा,’ ती सांगायची, ‘हंय वाचनालयात नाय म्हणूक शिका.’ पुढे पुढे लोक तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू लागले. बरोबर सांगितलं तरी पडताळून बघायचे. नारायणदादा तर पुस्तक उघडून मांडीवरच ठेवायचे, तिकिटं तपासायची जुनी खोड. मी लग्न होऊन कारापूरला गेले होते, पण माहेरी आले की शनिवारी मुद्दाम तिच्याबरोबर जायचे. हयातभर कुणापुढे तोंड न उघडलेल्या बायका माझ्या आत्याला ‘ताई, तुमचा चुकता’ म्हणून सुनवायच्या आणि आत्या त्यांच्याकडे असं बघायची, जणू त्यांनी तिला सोन्याची पाटली दिली.

मग डोंगराचं प्रकरण आलं. बाहेरच्या कुणाला झरीच्या वरच्या अंगाला बंगले बांधायचे होते आणि ग्रामसभेपुढे ठराव येणार होता. आत्याचं म्हणणं होतं, डोंगर कापला की झर आटणार, कुळागरं जाणार. बाबांचं म्हणणं होतं, या कामाबरोबर रस्ता येणार आणि तो वरच्या वाड्याला, डोंगरावरच्या वस्तीला, हवाच. तिथलं माणूस आजारी पडलं की खुर्चीला बांधून खाली आणावं लागतं, हे बाबांनी डोळ्यांनी बघितलं होतं, खांदाही दिला होता. दोघं आपापल्या जागी खरी होती. जेवताना एकमेकांना आमटी वाढत भांडायची.

ग्रामसभेच्या रविवारी मी माहेरीच होते. पंचायतीच्या हॉलात पाय ठेवायला जागा नव्हती. आत्याच्या शनिवारच्या मंडळींत आमच्या गावचेही बरेच होते, त्यांनी अर्धा हॉल भरला होता. ती बोलली, छान बोलली, टाळ्या पडल्या. मग बाबा उठले आणि त्या अर्ध्या हॉलाने गोंधळ घातला. ‘बसा, बसा, तुमी विकले गेलात’ असलं काहीबाही. माझ्या बाबांना... ज्यांच्या प्रत्येक वाक्याला या गावाने ‘होय म्हाराजा’ म्हटलं होतं, त्यांना. बाबांनी दोनदा सुरुवात केली, दोनदा शब्द गोंधळात बुडाले. दोन मिनिटं आणखी तसंच चाललं असतं तर ते खाली बसले असते आणि आत्या जिंकली असती, हे हॉलातल्या प्रत्येकाला कळत होतं. आत्या उठली. आपल्याच माणसांकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, ‘गप रवा. तेका बोलूक दिया. तेचा बोलणा पुरा होयसर मी हंयसून हलूची नाय.’ तिच्या आवाजात चीड नव्हती. मंडळी एकेक करून बसली. आणि बाबा बोलले. गाऱ्हाण्याच्या त्या आवाजात त्यांनी वरच्या वाड्याचं दुःख असं मांडलं की आत्याच्या बाजूच्या बायकांचेही डोळे भरून आले. हात वर झाले ते बाबांच्या बाजूने जास्त. आत्या शेवटपर्यंत उभीच होती. तिने आपला हात विरोधात वर केला, मोजणी झाल्यावर खाली घेतला, आणि पदर सारखा करून घरी आली.

मी तिच्यावर भडकले. म्हटलं, ‘तुला काय गरज होती? हातात आलेलं घालवलंस.’ ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘आज तेका गप केला आसता, तर फाल्या माका कोण गप करूक लागलो की मी खंयच्या तोंडान नको म्हणू?’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘माका वाईट वाटता गो. झर माझी पण होती.’ ती रडली नाही, पण त्या दिवशी तिने तेच तांदूळ पुन्हा पुन्हा निवडले. इतकं मोठं काही मी माझ्या डोळ्यांसमोर घडताना पाहिलेलं नव्हतं. आजही पाहिलेलं नाही.

खरा राग आला तो बाबांना. हरल्याचा राग लोकांना येतो, बाबांना जिंकल्याचा आला. बहिणीने दिलेल्या वेळेत आपण जिंकलो, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. एकाच छपराखाली, एकाच नळाचं पाणी, आणि निरोप सगळे आईकडे. ‘तिका सांग, नळाक पाणी येयलां.’ आत्या समोरच असायची. ती आईला म्हणायची, ‘तेका सांग, माका आयकूक येयलां.’ आई म्हणायची, मी या घरात सून नाही, टपाल आहे. दरम्यान डोंगर अर्धा कापला गेला, रस्ता झाला, झर उन्हाळ्यात आटू लागली. वरच्या वाड्यावरची माणसं गाडीतून दवाखान्यात जाऊ लागली. कोण बरोबर होतं, ते देवालाही सांगता आलं नसतं. आत्या दर शनिवारी वाचनालयात जात राहिली.

ती गेल्यावर दिवसकार्य आटोपलं आणि पुढच्या शनिवारी मंडळींनी वाचनालयात तिच्यासाठी बसायचं ठरवलं. मी निघाले तर बाबा शर्ट घालून उंबऱ्यावर उभे. माझ्या पुढे जाऊन बसस्टॉपवर थांबले. वाचनालयात ते पहिल्यांदाच आले होते, आणि लोकांनी त्यांना पुढची खुर्ची दिली. एकेक जण उठून बोलू लागला. ताई किती थोर, ताईंनी आम्हाला बोलायला शिकवलं. मग कुणीतरी म्हणालं, डोंगराच्या बाबतीत ताईच बरोबर होत्या. सगळ्यांच्या माना हलल्या. ‘होय, होय’ झालं.

बाबा उठले. ‘माका मान्य नाय,’ म्हणाले. ‘रस्तो होयोच होतो. मी आज पण तांच म्हणतंय.’ एवढं बोलून त्यांचा तो आवाज, तो देवळातला आवाज, मधेच बसला. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. ‘तुमी सगळी होय होय म्हणतात. ती घरात आसताना मी तिच्याशी बोललंय नाय... पण ती आसा, म्हणजे माका नाय म्हणणारा कोण तरी आसा, ह्यां माका ठाऊक होतां. आता माका नाय कोण म्हणतला?’

मला वाटलं, आता मी उठून त्यांना घरी न्यावं. तेवढ्यात मागून एक मुलगी उभी राहिली. सरिता, वरच्या वाड्यावरची, पोस्टात काम करणारी. आत्या तिला कितीदा ‘बोल गो’ म्हणायची, पण ती नुसती ऐकून जायची. ‘मी म्हणतंय,’ ती म्हणाली. ‘ताई पण चुकलेली आणि तुमी पण चुकलात. रस्तो आमका होयोच होतो. पण तो झरीवरसून कशाक? दुसऱ्या अंगान आमची वाट होती. आमी रोज चलत होतो. तुमी दोघांय आमच्यासाठी भांडलात, पण आमका कोणी इचारलां नाय.’

इतक्या वर्षांत, इतक्या शनिवारी, आत्याच्या तोंडावर कुणी एवढं मोठं ‘नाही’ फेकलं नव्हतं, आणि ते ऐकायला आत्या नव्हती. बाबा सरिताकडे बघत राहिले. मग त्यांनी आपली खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी नेली. ‘खंयची वाट?’ त्यांनी विचारलं. तिने बोटाने टेबलावर दाखवायला सुरुवात केली... काजूच्या बागेमागून, मोठ्या फातराच्या, म्हणजे खडकाच्या, डावीकडून. बाबा जन्मभर त्या डोंगराच्या पायथ्याशी राहिलेले, डोंगराच्या नावाने देवाला गाऱ्हाणी घातलेले. ते टेबलावर वाकले होते आणि मधेमधे तिला थांबवून विचारत होते, ‘फातराच्या खंयच्या अंगान, परत सांग.’ वाचनालय बंद करायची वेळ टळून गेली, तरी त्यांचं विचारणं संपत नव्हतं, आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा आत्यासाठी पोटभर रडले.